इंजिन बांधले, पण गाडी सुरू होईना : कुंभकोणम परिसरातील मोटारदुरुस्तीचा इतिहास

इंजिन पूर्ण उतरवून दुरुस्त केलेली जुनी मोटार परत बांधल्यावर सुरूच होत नाही, ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. वर्कशॉपमध्ये खडखडत का होईना पण स्वतःच्या पायांनी आलेली गाडी काम संपल्यावर मुकी होते. अशा वेळी दोष बहुधा झिजलेल्या भागांत नसतो. जे सोडले आणि पुन्हा लावले, त्यात तो असतो. जुन्या मिस्त्रींचा सगळा शोध या एका गृहीतावर चाले, आणि तो कोणत्या क्रमाने करायचा हे छापील पुस्तकांपेक्षा हाताखालच्या पोरांना दाखवून पुढे गेले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कुंभकोणमला या कामाचा इतिहास चांगला सापडतो, कारण तिथे बसगाड्या लवकर आल्या आणि पुढे सरकारी बस महामंडळाचे मुख्यालयही झाले.

मराठी वाचकाला कुंभकोणम ठाऊक असते ते वेगळ्या कारणांनी. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरला भोसले घराण्याचे राज्य होते, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. देवळे, पानमळे, पितळी भांडी आणि फिल्टर कॉफी ही गावाची आजची ओळख. मोटारीचे नाव या यादीत येत नाही. वास्तविक विसाव्या शतकात या गावाच्या अर्थकारणात मोटारीचा वाटा पानमळ्यांहून कमी नसावा.

गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध आहे. पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर, पूर्वेला साधारण तेवढ्याच अंतरावर मायिलाडुतुरै, आणि भोवताली कालव्यांनी कापलेली भातशेती. १८७७ पर्यंत दक्षिण भारत रेल्वेने हा भाग मद्रास आणि नागपट्टणम या बंदरांशी जोडला. पण रेल्वे एका रेषेत जाते. आडवळणाची शेकडो गावे बैलगाडी आणि जुटक्यावर, म्हणजे घोडागाडीवर, अवलंबून राहिली. मोटारबसला इथे गिऱ्हाईक मिळाले ते या कारणाने.

मद्रासच्या सिम्पसन कंपनीत १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटार तयार झाली. ग्रामीण भागात नियमित बस चालवण्याचा धंदा मात्र टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी १९११-१२ च्या सुमारास तंजावर-पुदुकोट्टै मार्गावर सुरू केला. त्यांची कंपनी पुढे मदुराईत स्थिरावली आणि टीव्हीएस या तीन अक्षरांनी ओळखली जाऊ लागली. बस चालवायची तर ती दुरुस्तही आपणच करायची, हे त्या काळी ओघानेच आले. उत्पादक समुद्रापलीकडे होते, आणि मद्रास बंदरातून सुटा भाग येईपर्यंत गाडी उभी राहणे परवडणारे नव्हते.

१९२६ मध्ये फोर्डने आणि १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जुळवायला सुरुवात केल्यावर फोर्ड आणि शेव्हरोले जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचल्या. बस म्हणजे लॉरीचा सांगाडा आणि त्यावर सुताराने चढवलेले लाकडी खोके. या इंजिनांच्या बेअरिंगा आजच्यासारख्या तयार मिळत नसत. पांढरा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतायचा, थंड झाल्यावर क्रँकला निळा रंग फासून तो बसवायचा, रंग जिथे लागला तिथे खरवडायचे, आणि हे पुन्हा पुन्हा. कुंभकोणमच्या भोवताली नाचियारकोविलच्या समया आणि स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्ती घडत होत्या. धातू ओतणारे हात या मुलखाला नवे नव्हते. तरीही बेअरिंगचे काम वेगळेच, कारण इथली चूक दिसत नाही, तापते.

असे बांधलेले इंजिन इतके घट्ट असे की हँडल मारून ते फिरतच नसे. मग दोरखंड बांधून गाडी ओढत नेत आणि गिअर टाकून इंजिनाला फिरायला लावत. हँडल मारण्यात एक खरा धोकाही होता. त्या काळी ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्याची दांडी स्टिअरिंगजवळ असे. दुरुस्तीनंतर ती मागे घ्यायची राहिली, तर ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडे, हँडल उलटे फिरे आणि मारणाऱ्याचे मनगट मोडे. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा हा नियम शिकाऊ पोराला पान्ह्यांची नावे शिकवण्याआधी सांगितला जाई.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि बसगाड्यांच्या पाठीवर कोळशाची भट्टी चढली. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनात घेत. टीव्हीएसने अशी संयंत्रे स्वतः तयार करून विकली. गाडी सुरू करायला आधी भट्टी पेटवायची, पंखा फिरवून वायू धरेपर्यंत थांबायचे, मग इंजिन फिरवायचे. ताकद कमी होई आणि डांबरासारखा चिकट थर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच अडकला की सिलिंडरमध्ये दाब धरत नाही, आणि दाबाशिवाय कोणतेही इंजिन पेट घेत नाही. आधी दाब पाहा, मग बाकीचे, ही शिस्त त्या वर्षांनी पक्की केली असे म्हणायला हरकत नाही.

दुरुस्तीच्या धंद्याला खरे वळण दिले ते कायद्याने. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक बसमार्गाला परवाना लागू झाला. ठरलेल्या वेळी गाडी सुटलीच पाहिजे आणि तिला योग्यतेचा दाखला हवा. परवाना मिळवण्यासाठी चढाओढ इतकी तीव्र होती की त्रिभुज प्रदेशातले खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कुंभकोणमची रामन अँड रामन लिमिटेड ही बसकंपनी वकिलांना आजही माहीत आहे ती ‘रामन अँड रामन विरुद्ध मद्रास राज्य’ या निकालांमुळे. त्यांतला १९५६ चा निकाल साळियमंगलम-कुडवासल या आडवळणाच्या मार्गाच्या परवान्यावरून होता. दोन खेड्यांना जोडणाऱ्या एका बसफेरीसाठी दिल्लीपर्यंत जाणे परवडत होते, यावरून त्या फेरीची किंमत कळते.

याच साली मद्रास सरकारने परवाना देताना अर्जदारांना गुण देण्याची पद्धत आणली. गुणांचा एक रकाना वर्कशॉपचा होता. दुरुस्तीची सोय चांगली तर गुण जास्त. न्यायनिवाड्यासारखे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना सरकार असे हुकूम देऊ शकत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हा आदेश रद्द ठरवला. मधल्या आठ वर्षांत मात्र लेथ, बोअरिंग मशीन आणि कुशल फिटर बाळगणे हा मालकाच्या हौसेचा विषय उरला नव्हता. परवाना मिळण्यातही त्याचा हात होता. वर्कशॉपचा इतिहास लिहिणारे यंत्रांकडे पाहतात आणि सरकारी आदेशांकडे पाहत नाहीत, ही त्यांची मोठी चूक आहे.

त्याच सुमारास गाड्याही बदलल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवले की देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी नुसती जुळणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ मध्ये निघून गेल्या. रस्त्यावरच्या अमेरिकी गाड्या एका रात्रीत पोरक्या झाल्या. त्यांचे भाग जुन्या गाड्यांतून काढून, किंवा लेथवर घडवून भागवावे लागले. देशी उद्योगही उभा राहत होता. मद्रासच्या सेंबियमला इंडिया पिस्टन्स १९४९ मध्ये सुरू झाली, बंगळूरची मायको १९५१ मध्ये, आणि सेल्फ, डायनामो व डिस्ट्रिब्युटर बनवणारी लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये. एकेकाळी परदेशी डिस्ट्रिब्युटर उघडून बसणारी कंपनी आता तो स्वतः बनवू लागली होती.

यानंतरची तीन दशके तीन गाड्यांची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात तयार होणारी फियाट, उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर, आणि मद्रासजवळ वंडलूरला बनणारी स्टँडर्ड. कुंभकोणमला अँबॅसिडर जास्त मानवली. सूर्यनारकोविल, आलंगुडी, कंजनूर, तिरुनागेश्वरम, तिरुनळ्ळार ही नवग्रहांची देवळे या गावाभोवती विखुरलेली आहेत. एका दिवसात जास्तीत जास्त देवळे गाठायची म्हणजे सहा-सात माणसे बसतील अशी, खड्ड्यांत न तुटणारी गाडी हवी. भाड्याच्या गाडीचे इंजिन लवकर झिजे, आणि नवी गाडी घ्यायला बुकिंग करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून इंजिन बांधणे हे काम वारंवार निघे. रिबोअर करायचे, एक माप मोठे पिस्टन टाकायचे, व्हॉल्व्ह घासायचे, नवे गास्केट लावून हेड बसवायचे.

आणि सेल्फ मारायचा. गाडी सुरू होत नसेल तर इथून खरा शोध सुरू होई.

पहिली पाहणी विजेच्या वाटेची. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, म्हणून त्याला आणि सांगाड्याला जोडणारी तांब्याच्या विणीची अर्थिंगची पट्टी लागते. इंजिन उतरवताना ती सोडतात आणि परत लावायची हमखास विसरतात. मग सेल्फला लागणारा मोठा प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो, बहुधा चोकच्या तारेतून. सेल्फ कण्हतो आणि डॅशबोर्डखालून धूर येतो. अननुभवी माणूस बॅटरी बदलतो, अनुभवी माणूस चोकच्या तारेला हात लावून पाहतो. नव्या रिंगांमुळे घट्ट झालेले इंजिन सेल्फला जड जाते, हेही इथेच लक्षात घ्यायचे. सेल्फ इतका प्रवाह ओढतो की कॉइलला विजेचा पुरेसा दाब उरत नाही, आणि प्लग बाहेर काढून पाहिला तर चांगली दिसणारी ठिणगी आत दाबाखाली पडतच नाही. अशा गाडीला धक्का किंवा दोर हाच उपाय. मॉरिसच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, फियाटमध्ये ऋण. दोन्ही गाड्या एकाच छपराखाली असल्या की तारांची अदलाबदल होत असे.

दुसरी पाहणी ठिणगीची. डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात डेल्को म्हणतात. त्याच्या झाकणाखाली पॉइंट उघडतात-मिटतात आणि त्या उघडण्यातून ठिणगी जन्मते. लुकासच्या डेल्कोत पॉइंटच्या स्प्रिंगखाली छोट्या फायबरच्या चकत्या असतात. त्यांचा क्रम चुकला की पॉइंट कायमचे बॉडीला ‘अर्थ’ होतात आणि ठिणगी मेलीच. नव्या पॉइंटच्या तोंडावरचा तेलकट थर पुसला नाही तरी तोच परिणाम. फट इंचाच्या हजारांश भागांत पंधराच्या आसपास हवी. फीलर गेज नसेल तर पोस्टकार्डाचा तुकडा घालून अंदाज घेणारे होते, आणि त्यांच्या गाड्या चालत.

तिसरी पाहणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण इंजिन बांधल्यानंतरची सर्वांत सामान्य चूक इथे होते. चार फेऱ्यांच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम आणि डेल्को एकदा फिरतात. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो : एकदा वायू दाबून, एकदा धूर बाहेर टाकून. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. नुसती खूण पाहून डेल्को बसवला तर अर्ध्या वेळा तो उलटा बसतो, आणि ठिणगी नेमकी धूर निघताना पडते. गाडी सुरू होत नाही, किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका उडतो. याची परीक्षा साधी आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा धरायचा, दुसऱ्याने हँडल सावकाश फिरवायचे. अंगठा आतल्या दाबाने उचलला गेला की ती दाबाची फेरी. तिथे पुलीची खूण जुळवायची आणि डेल्कोचे झाकण उघडून रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या तारेकडे आहे का ते पाहायचे. मग उरलेल्या तारा १-३-४-२ या क्रमाने, रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने लावायच्या. अँबॅसिडर आणि फियाट दोन्हींचा पेटण्याचा क्रम हाच. झाकणावर तारा लावताना दिशा चुकली तर क्रम बरोबर असूनही गाडी उभीच राहते. यासाठी लागणारे यंत्र म्हणजे माणसाचा अंगठा, आणि त्याहून भरवशाची रीत नंतरच्या महागड्या उपकरणांनीही दिली नाही.

डेल्को बरोबर असेल तर संशय टायमिंग चेनवर. क्रँक आणि कॅमच्या चाकांवरचे ठिपके समोरासमोर न येता चेन एक दात सरकली तर गाडी कशीबशी चालते, जास्त सरकली तर चालत नाही. हे पाहायला पुढचे कव्हर काढावे लागते, म्हणून मिस्त्री ते शेवटी ठेवीत. टॅपेट फार घट्ट ठेवले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि दाब निघून जातो. सिलिंडर कोरडे बांधले असतील तर नव्या रिंगा दाब धरत नाहीत. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा फिरवायचे.

पेट्रोलची पाहणी त्या मानाने सोपी. कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा. इंजिन क्षणभर पेटून विझले तर ठिणगी ठीक, पेट्रोल पोचत नाही. पेट्रोल ओढणाऱ्या ‘एसी’ पंपाचा दांडा कॅमवर नीट बसला नसेल, नळ्या उलट लागल्या असतील, किंवा महिनाभर उभ्या गाडीच्या जेटमध्ये गोंदासारखा साका धरला असेल. उलट चोक ओढून फार वेळ सेल्फ मारला तर प्लग ओले होतात. ते काढून चुलीवर तापवून परत लावीत. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात कावेरीकाठी हवा इतकी दमट असते की डेल्कोच्या झाकणात आतून दव धरते. तेव्हा दुरुस्ती निर्दोष असूनही सकाळी गाडी सुरू होत नसे, आणि कोरड्या फडक्याने काम भागे.

बसगाड्या तोवर डिझेलवर गेल्या होत्या. मद्रासचे सिम्पसन पर्किन्सची इंजिने बनवू लागले, १९५४ पासून टाटा-मर्सिडीज आणि १९५५ पासून एन्नोरची अशोक लेलँड आली. डिझेलला ना प्लग ना पॉइंट. तिथे दुरुस्तीनंतर गाडी सुरू न होण्याची दोन मुख्य कारणे : नळीत शिरलेली हवा आणि पंपाचे चुकलेले टायमिंग. हवा काढण्यासाठी स्क्रू ढिले करून हातपंप मारीत राहायचे, फेस संपून सलग डिझेल आले की आवळायचे. १९८० च्या सुमारास अँबॅसिडरलाही डिझेल इंजिन मिळाले, आणि अनेक टॅक्सीवाल्यांनी जुन्या पेट्रोल गाड्यांत ते बसवून घेतले.

१ मार्च १९७२ रोजी रामन अँड रामनच्या ताफ्यातून चोळन रोडवेज कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ कुंभकोणमला सुरू झाले. १९९७ पासून ते तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ (कुंभकोणम) या नावाने ओळखले जाते. खासगी कंपनीच्या छपराखालचे काम आता वेळापत्रक, नोंदवही आणि आयटीआयची प्रमाणपत्रे यांच्या चौकटीत आले. सरकारी आगारात ठरावीक किलोमीटरनंतर इंजिन उतरते. खासगी गॅरेजात ते धूर असह्य झाल्यावर उतरते. दुसऱ्या पद्धतीत शोध घेण्याचे कसब जास्त लागते, पण प्रवाशाच्या दृष्टीने पहिलीच बरी.

१९८३ च्या अखेरीस मारुती आली. पुढच्या वीस वर्षांत पॉइंट, कार्ब्युरेटर आणि हँडलचे भोक या तिन्ही गोष्टी नव्या गाड्यांतून गेल्या. कुर्ल्याच्या फियाटचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले, अँबॅसिडरचे मे २०१४ मध्ये. ज्यांच्याकडे अशी गाडी अजून आहे आणि जे तिचे इंजिन बांधून घेणार आहेत, त्यांनी बॅटरीला दोष देण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात : अर्थिंगची पट्टी लागली आहे का, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत वर आहे का, आणि त्या क्षणी रोटरचे तोंड कुणीकडे आहे.